पूर ओसरला, आता शाळा कुठे बांधायची हे कोण ठरवणार?

सीनाकाठच्या एका वस्तीत तिसरीत शिकणाऱ्या एका मुलीकडे आज चार दप्तरे आहेत. एक सोलापूरच्या मंडळाने दिले, एक पुण्याच्या कुठल्याशा कंपनीतल्या लोकांनी गोळा करून पाठवले. एक पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आले, त्यावर त्याचा हसरा फोटो आहे. चौथे आम्ही दिले. त्यावर बाबासाहेबांचा फोटो आहे. चारही दप्तरे घरात खुंटीला टांगलेली असतात. शाळेला इमारत उरलेली नाही, समाजमंदिरात अर्धा दिवस वर्ग भरतो आणि तिथे जायला हातात एक वही पुरते.

हे आधी आपण कार्यकर्त्यांनीच ऐकायला हवे, म्हणून सुरुवात इथून केली. पुरानंतरच्या पंधरवड्यात आम्ही टेम्पो भरून साहित्य नेले, वाटले, फोटो काढले, गटावर टाकले, आणि परत आलो. शाळेची पडलेली भिंत आमच्या फोटोत मागे दिसते आहे. तिच्याविषयी तेव्हा आमच्यापैकी कोणी एक प्रश्न विचारला नाही.

गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आले की शिक्षकांना फोन जातात, आणि वस्तीतल्या माणसांना उद्याही त्याच गावात राहायचे आहे. नाव नसले तरी काठावरच्या कुणालाही हे गाव ओळखीचे वाटेल.

सोलापूर हा दुष्काळी जिल्हा. आमच्या पिढीने सीना नदी पाण्यापेक्षा वाळूच्या ट्रॅक्टरांमुळे जास्त पाहिली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये वर अहिल्यानगर, बीड, धाराशिव भागात तुफान पाऊस झाला, सीना-कोळेगाव धरणातून, खैरी, चांदणी, भोगावतीतून पाणी एकाच वेळी खाली आले, आणि सीनेत 2 लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग गेला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली काठची गावे पाण्याखाली गेली. उंदरगाव, केवड, वाकाव, दारफळ ही नावे महाराष्ट्राने तेव्हा पहिल्यांदा ऐकली असतील. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. माणसे काढायला हेलिकॉप्टर आले. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31 हजार 628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख, रोजगार हमीतून आणखी 3 लाख, असा तपशील सगळ्यांना तोंडपाठ झाला. ज्याच्याकडे हेक्टर आहे त्याला हेक्टरी मिळणार, यात आमची तक्रार नाही. पण आमच्या वस्तीत हेक्टर हा शब्द मजुरीच्या हिशोबात येतो, मालकीच्या नाही. वस्तीची सामायिक अशी एकच मालमत्ता होती, ती म्हणजे दोन खोल्यांची शाळा.

ही शाळा नदीच्या इतक्या जवळ का होती? आपल्याकडे जुने गाव पांढरीवर वसते. उंचवटा असतो, पाणी चढत नाही, म्हणूनच तिथे गाव वसते. गावकुसाबाहेरच्यांना उताराची जागा मिळाली, ओढ्याच्या आणि नदीच्या बाजूची. पुढे कधीतरी शाळेला जागा द्यायची वेळ आली तेव्हा गावाने तीही अशीच दिली, म्हणजे पिकाच्या कामाची नाही, घराच्या कामाची नाही, कुणालाच नको असलेली. एम.ए.ला आम्हाला प्रभावी जात ही संकल्पना दोन तास शिकवली होती. ती इथे एका नजरेत दिसते. गावाचा नकाशा हातात घ्या, त्यावर पूररेषा ओढा. लाल रेषेच्या आत कोण राहते ते पाहिले की जातींची वेगळी यादी करावी लागत नाही. पाणी निसर्गाचे होते हे मान्यच आहे. ते पहिल्यांदा कुणाच्या दारात येणार, हे मात्र काही शतकांपूर्वीच ठरवून ठेवलेले होते.

पाणी फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत चढले. मागची दगडमातीची भिंत बसली, पत्रे वाकून ओढ्यात गेले, खिचडीची खोली आणि मुलींचे शौचालय सापडलेच नाही. वर्गात गुडघाभर गाळ होता. लोखंडी कपाट उताणे पडले होते आणि त्यात जनरल रजिस्टर होते.

या रजिस्टरापाशी थोडे थांबू, कारण तरुण मित्रांना त्याचे मोल कळलेले नाही असे आम्हाला त्या दिवशी दिसले. आमच्यातल्याच एकाने ते ओले बाड उचलून बाजूला टाकले होते. अनुसूचित जातीचा दाखला काढताना आणि त्याची पडताळणी करताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आपल्या आजोबांकडे सातबारा नव्हता, खरेदीखत नव्हते, घराचा उतारा नव्हता. मग पुरावा कुठून आणणार? आजोबा किंवा चुलत आजोबा एखादे वर्ष शाळेत गेले असतील आणि गुरुजींनी शाईने त्यांच्या नावापुढे जात लिहिली असेल, तर तेवढी एक ओळ. अपमानासाठी लिहिलेली ती ओळ आज नातीच्या मेडिकलच्या प्रवेशाचा आधार आहे. आपण 1956 नंतर बौद्ध झालो, 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या, पण कागदावरची साखळी जोडायची तर मागे त्या जुन्या नोंदीपर्यंतच जावे लागते. या शाळेच्या रजिस्टरात स्वातंत्र्याच्या आसपासच्या नोंदी होत्या. सतरा-अठरा पाने पूर्ण गेली. ती कुणाची होती हे आता कुणालाच सांगता येत नाही.

उरलेली वाचली ती शाळेतल्या मॅडममुळे. त्यांनी रजिस्टर घरी नेले, उन्हात न टाकता सावलीत, पंख्याखाली, दर चार पानांमागे कोरा कागद घालून आठ दिवस वाळवले. आमच्यापैकी कुणाला हे माहीत नव्हते. आता माहीत झाले आहे, तर लक्षात ठेवा. ओले रजिस्टर उन्हात ठेवायचे नाही, पाने ओढून सुटी करायची नाहीत, इस्त्री फिरवायची नाही. आणि पूर यायची वाट न पाहता आपल्या गावच्या रजिस्टरचे प्रत्येक पान मुख्याध्यापकांच्या परवानगीने स्कॅन करून एक प्रत तालुक्याला जमा करा. भीम जयंतीच्या डीजेचा एका तासाचा खर्च याहून जास्त असतो.

आता मूळ मुद्दा. शाळा पुन्हा बांधायची यावर गावात कुणाचे दुमत नाही. कुठे बांधायची, कुणाच्या पैशाने, यावर तीन मते आहेत आणि तिन्ही मते चांगल्या भाषेत मांडली जातात.

पहिले मत अधिकाऱ्यांचे. पट कमी आहे, जुन्या इमारतीचे निर्लेखन करू, मुले साडेतीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत पाठवू, तिथे संगणक आहे, मैदान आहे, गाडीची सोय करू. ऐकायला वाईट काहीच नाही. पण पट कमी कसा झाला ते पाहा. पुराआधी शाळेत 23 मुले होती. 14 आपल्या वस्तीतली, बौद्ध, मातंग आणि दोन वडार घरांतली. 9 रानातल्या वस्त्यांवरची, मराठा आणि धनगर. गरीबच सगळी. शाळा समाजमंदिरात भरू लागली आणि दिवाळीनंतर त्या 9 पैकी 6 मुले आली नाहीत. एका आईला विचारले तर म्हणाली, "लांब पडतंय वो, पोराचं पाय दुखतेत." जुन्या शाळेपासून समाजमंदिर दीडशे पावलांवर आहे. पाय कशाने दुखतात ते आम्हाला कळले, तिलाही ते आम्हाला कळल्याचे कळले, आणि ती चहा टाकायला आत गेली. आता ती सहा मुले पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जातात. पट राहिला 17.

या राज्यात 20 हा आकडा साधा नाही. 2017-18 मध्ये पट कमी म्हणून 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. 2023 मध्ये समूह शाळांची कल्पना आली, तेव्हा 20 आणि त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा सरकारनेच मोजल्या होत्या. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने लहान शाळांचे शिक्षक आणखी कमी केले. म्हणजे आधी पूर येतो, पुराने इमारत जाते, इमारत नाही म्हणून मुले जातात, मुले नाहीत म्हणून शाळा जाते. कुठल्याही कागदावर कुणी शाळा बंद करा असे लिहिलेले नसते. प्रत्येक टेबलावर फक्त पुढची पायरी लिहिलेली असते.

कायदा याच्या उलट सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कलम 19 आणि अनुसूची सांगतात की इमारत सगळ्या ऋतूंत टिकणारी हवी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि स्वयंपाकाची खोली हवी. 2004 मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून 94 मुले गेली. त्या संदर्भातल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. गाडीची सोय हे या सगळ्याला उत्तर होऊ शकत नाही. गाडीचे बिल थकले की पहिल्यांदा मुली घरी बसतात, हे ज्या ज्या गावात शाळा जोडल्या तिथे जाऊन कुणीही पाहावे.

दुसरे मत गावातल्या एका बागायतदाराचे. एक ट्रस्ट तीन खोल्या बांधून द्यायला तयार आहे, आणि हे गृहस्थ पांढरीवर, देवळाच्या मागे दहा गुंठे जागा द्यायला तयार आहेत. शाळेला वडिलांचे नाव द्यावे एवढीच इच्छा. इथे आम्हाला प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. माणूस वाईट नाही. पुराच्या रात्री त्याच्याच ट्रॅक्टरने वस्तीतली म्हातारी माणसे बाहेर काढली, तीही कुणी न सांगता. आणि जागा खरोखर उंच आहे, तिथे पाणी चढणार नाही.

तरी आम्ही नको म्हणतो. एक कारण ओढा. वस्तीतून तिथे जायला फरशी पूल ओलांडावा लागतो आणि पावसाळ्यात त्यावरून पाणी वाहते. म्हणजे इमारत सुरक्षित आणि वाट असुरक्षित. दुसरे कारण सातबारा. जागा देतो हे तोंडी आहे, नोंदणीकृत बक्षीसपत्राचा विषय काढला की "बघू की निवांत" असे उत्तर येते. जागा शाळेच्या नावावर नसली की पुढच्या पिढीतला वारस उद्या कुलूप लावू शकतो. तिसरे कारण बोलायला अवघड आहे. देवळाच्या मागची शाळा, सप्ताहात बंद, जत्रेत बंद, आणि एरवी आपली मुले कुठल्या दाराने आत येतात यावर कुणाची ना कुणाची नजर. ब्रिटिशांच्या काळी शाळा देवळात आणि चावडीत भरत, तेव्हा अस्पृश्यांच्या मुलांना बाहेर बसावे लागे. शाळा सरकारी होती, भिंत मात्र देवाची होती. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव झाला. त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचेही नाव होते. आपल्याला महाडमुळे पाण्याची आठवण राहिली, शाळा हा शब्द आपण विसरलो. आज कुणी बाहेर बसवणार नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या गावात दीडशे पावलांवरच्या समाजमंदिराने सहा मुलांचे पाय दुखतात, त्या गावात जागेचा अर्थ काय असतो हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

तिसरे मत आपल्याच मित्रांचे, आणि त्यांच्याशी आमचे सगळ्यात जास्त भांडण झाले. ते म्हणतात, समाजमंदिरातच शाळा कायमची करू, वर्गणी काढू, स्लॅब टाकू, सरकारपुढे हात कशाला पसरायचा? आपली शाळा आपण चालवू. ही भाषा रक्त तापवते, आम्हालाही तापवते. पण हिशोब करा. आज 17 पट आहे तो रानातली उरलेली 3 मुले धरून. समाजमंदिरात कायमची शाळा म्हणजे पट 14, म्हणजे वस्तीची शाळा, म्हणजे त्यांची शाळा. जी शाळा आजवर गावात एकमेव अशी जागा होती जिथे मातंगाचा, मराठ्याचा आणि बौद्धाचा पोरगा एका पंगतीत खिचडी खात होता, ती आपण आपल्या हाताने जातीची करून टाकणार. विहाराच्या दारात आम्ही पूरग्रस्तांना झोपवले, तिथे सगळ्या जातींची माणसे झोपली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. संकटात दार उघडणे वेगळे आणि सरकारची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेऊन तिला मोकळे सोडणे वेगळे.

हात पसरण्याविषयी सोलापूरकरांना तर इतिहासच सांगायला हवा. 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी 1925 मध्ये तिने वसतिगृह उघडले ते आपल्या सोलापुरात. जिवप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले. मुलांच्या जेवणाखाण्याचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. आणि त्याच वसतिगृहासाठी सोलापूर नगरपालिकेकडून महिना 40 रुपयांचे अनुदान घेतले. बाबासाहेबांनी समाजाची वर्गणी आणि सार्वजनिक तिजोरी यांना एकमेकांचा पर्याय मानले नाही. तिजोरीत आपल्याही घामाचा पैसा आहे, त्यामुळे तो मागणे ही भीक ठरत नाही. मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरच्या खर्चाचे आकडे घेऊन ते उभे राहत, ते याच हिशोबाने. स्वाभिमान म्हणजे सरकारकडे न जाणे, हा अर्थ कुठून आला ते शोधायला हवे. आम्हाला तर वाटते, हा अर्थ आपल्यापेक्षा सरकारच्या जास्त सोयीचा आहे.

पुनर्वसनात कोण ठरवतो याला फार महत्त्व असते. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. 52 गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. घरे देताना माप काय लावले? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, सात हेक्टरच्या वर 750. भूकंपाने सगळ्यांचे घर सारखेच पाडले होते, नव्या गावात मात्र जुना सातबारा पुन्हा भिंतींच्या रूपाने उभा राहिला. हे कुणी दुष्टपणे केले असे आम्ही म्हणत नाही. टेबलावर बसलेल्यांना ते नैसर्गिक वाटले, कारण त्या टेबलावर 250 फूटवाला कुणी नव्हता.

म्हणून आमची मागणी चौथी आहे. वस्तीच्याच बाजूला, ओढा न ओलांडता जाता येईल असा एक उंचवटा आहे. गायरान आहे. पाणी तिथे चढले नव्हते, पुराच्या रात्री वस्तीतली जनावरे तिथेच बांधली होती. रानातल्या वस्त्यांनाही ते मधोमध पडते. तिथे शाळेच्या नावाने जागा घ्यावी, उंच जोत्यावर, पक्क्या स्लॅबची, बाहेरून जिना असलेली इमारत सरकारी पैशाने बांधावी. जिना यासाठी की शाळा हीच गावाची आसऱ्याची जागा ठरते. 2014 मध्ये माळीण गाव डोंगराखाली गेले तेव्हा शाळेची इमारत उभी राहिली होती. 2023 मध्ये इर्शाळवाडीत दरड कोसळली त्या रात्री शाळेत मोबाईलवर खेळत बसलेली पोरे वाचली आणि त्यांनीच आरडाओरड केली. दोन्हीकडे माणसे आदिवासी होती, आणि दोन्हीकडे आधी कुणी जागा तपासली नव्हती हेही सोबत लक्षात ठेवायला हवे.

इथे मात्र आमची अडचण सुरू होते, ती लपवत नाही. हे गायरान मोकळे नाही. एक मातंग कुटुंब तीस-पस्तीस वर्षांपासून ते कसते आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा सांगणारे आपण, आणि शाळेसाठी सगळ्यात गरीब घराची जमीन मागायला निघालो. बैठकीत एक तरुण म्हणाला, शाळेपुढे दहा गुंठ्यांचे काय? आम्ही त्याला म्हटले, हेच वाक्य बागायतदाराला म्हणून दाखव. तो गप्प बसला, आणि खरे तर आम्हीही गप्प बसलो. पांढरीवरच्या दहा गुंठ्यांची भाषा बक्षीसपत्राची असते आणि गायरानावरच्या दहा गुंठ्यांची भाषा अतिक्रमणाची असते, हे आमच्याही बोलण्यात नकळत आले होते.

त्या कुटुंबातल्या आजोबांना भेटलो. ते म्हणाले, "शाळंला देतो की. माजीच नात जातीया तितं. पर उरल्यालं माज्या नावावर करा, न्हाईतर उद्या शाळंच्या नावानं समदंच जाईल." सगळ्या चर्चेतले सगळ्यात शहाणे वाक्य हेच होते. 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. त्यांचा अर्ज कित्येक वर्षे पडून आहे. गायरानावरची अतिक्रमणे हटवण्यासाठी 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा सगळीकडे हवाला देतात. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेली जमीन आणि आधीपासून असलेली शाळा-दवाखान्यासारखी सोय, हे अपवाद सांगितले आहेत. शेवटचे पान कुणी वाचत नाही. त्यामुळे आमचा ठराव एकच असेल आणि त्यात दोन्ही मागण्या एका वाक्यात असतील. दहा गुंठे शाळेला, उरलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर. एक मंजूर आणि दुसरी प्रलंबित, असे झाले तर आम्ही शाळेची जागा घ्यायला जाणार नाही. काही मित्रांना हे टोकाचे वाटते. वाटू द्या.

ठराव मांडायचा अधिकारही आपणच झोपवून ठेवला होता. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. समितीने करायचा शाळा विकास आराखडा हाच निधीच्या मागणीचा आधार आहे. या गावात समिती कागदावर व्यवस्थित आहे. वस्तीतल्या चार बाया सदस्य आहेत आणि त्यांतल्या तिघींना आपण सदस्य आहोत हे आम्ही यादी वाचून दाखवली तेव्हा कळले. सही त्यांचीच होती. खिचडीच्या तांदळाची पावती म्हणून घेतली होती, असे एकीने सांगितले. चौथीला माहीत होते, पण "बोलवत्यात कवा?" असे तिने आम्हालाच विचारले. आम्ही त्या वस्तीत दहा वर्षांपासून जयंती करतो. हा प्रश्न आम्ही दहा वर्षांपूर्वी विचारला असता तर पंचनाम्याच्या दिवशी त्या चौघी तिथे उभ्या असत्या. पंचनाम्यात शाळेचे नुकसान अंशतः असे लिहिले गेले आहे. अंशतः म्हणजे दुरुस्ती, आणि आपत्तीच्या निधीतून मिळते ती तातडीची दुरुस्ती. मागची भिंत नाही, छप्पर नाही, शौचालय नाही, आणि नुकसान अंशतः. फेरपंचनाम्याचा अर्ज आता गेला आहे, माहिती अधिकारात आधीच्या पंचनाम्याची प्रतही मागितली आहे. आपापल्या गावात हे आजच करा, कारण काठावरच्या दुसऱ्या दोन गावांतही आम्हाला हाच शब्द दिसला.

आता 26 जानेवारीची ग्रामसभा आहे. ठराव लिहून झाला आहे, मॅडमनी शुद्धलेखन तपासून दिले. रानातल्या वस्त्यांवरच्या पालकांशीही बोलणे चालू आहे. ज्या आईने पायांचे कारण सांगितले होते तिने परवा विचारले, "तितं माळावर झाली तर गाडीचं पैसं वाचतील न्हवं?" इंग्रजी शाळेची गाडी महिन्याला तिच्या चार दिवसांच्या मजुरीइतके पैसे घेते. तिने अजून सही केलेली नाही, नाहीही म्हटलेले नाही.

23 पैकी 11 घरांच्या सह्या झाल्या आहेत. वस्तीतली पाच घरे ऊसतोडीला पंढरपूरकडच्या फडावर गेली आहेत, त्यांची दोन मुलेही सोबत गेली आहेत आणि हजेरीपटावर ती दोन महिने गैरहजर आहेत. या रविवारी आम्ही सह्या घ्यायला फडावर जातो आहोत, आणि त्या दोन मुलांना आजीकडे ठेवता येईल का ते बोलायला. दोन मोटारसायकली आहेत, तिसरी हवी. ज्यांना यायचे आहे त्यांनी सकाळी सहाला यावे. दप्तरे आणू नयेत.